टपालाच्या थैलीशेजारची खुर्ची

१९२९ साली लंडनहून विमानाने हिंदुस्थानात यायचं तर सात दिवस लागत, १३० पौंड मोजावे लागत, आणि मधली एक रात्र आगगाडीत काढावी लागे. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी ही सेवा सुरू केली, आठवड्यातून एकदा. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून निघालेला प्रवासी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला उतरायचा आणि तिथून गाडीने इटलीतल्या जिनोआला जायचा. जिनोआच्या बंदरात पाण्यावर उतरणारं विमान तयार असे. ते रोम, नेपल्स, कोर्फू, अथेन्स, क्रीट, तोब्रुक असं करत अलेक्झांड्रियाला पोचे. तिथे तिसरं विमान. मग गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशेहर, लिंगेह, जास्क, ग्वादर आणि शेवटी कराची.

एवढं करून माणूस कराचीतच. मुंबई गाठायची तर पुढे रेल्वे नाहीतर आगबोट.

रुपयाचा भाव तेव्हा एक शिलिंग सहा पेन्स होता, म्हणजे १३० पौंडांचे सतराशे रुपयांच्या वर होत. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाला एवढे पैसे मिळवायला काही वर्षं लागली असती. गंमत अशी की इतकं भाडं घेऊनही कंपनीचं भागत नव्हतं. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत जगातली जवळजवळ कुठलीच विमान कंपनी प्रवाशांच्या भाड्यावर जगत नव्हती. जगत होती ती टपालावर आणि सरकारी अनुदानावर. टपाल ही शेती आणि प्रवासी हा जोडधंदा, असं ते गणित होतं. ते एकदा ध्यानात आलं की त्या काळातल्या बऱ्याच विचित्र गोष्टींचा उलगडा होतो.

वजनाचा धंदा

विमान कंपनी खरं तर वजन विकते. विमान अमुक इतकं ओझं उचलू शकतं. त्यातलं इंजिन, पंख, पायलट आणि पेट्रोल वजा केलं की जे उरतं तेवढंच विकायला मिळतं. त्या वेळच्या विमानात हे उरलेलं फार थोडं असे. १९२९ मध्ये अलेक्झांड्रिया ते कराची ज्या विमानाने जायचं, त्या डी हॅविलंड हर्क्युलिसला तीन इंजिनं होती, पण प्रवासी मावत फक्त सात. बाकीची जागा टपालाची.

पेट्रोल जास्त भरलं तर लांब जाता येतं, पण तेवढं विकाऊ वजन कमी होतं. म्हणून कमी पेट्रोल भरायचं, थोडं अंतर जायचं, उतरायचं, पुन्हा भरायचं. वर दिलेली ठिकाणांची लांबलचक यादी ही पर्यटनाची हौस नव्हती. प्रत्येक नाव म्हणजे पेट्रोलची टाकी रिकामी होत आल्याची खूण आहे.

आता माणूस आणि पत्र यांची तुलना करू. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न एअर एक्स्प्रेस या कंपनीने सॉल्ट लेक सिटी ते लॉस एंजेलिस या टपाल विमानात पहिल्यांदा प्रवासी घेतले. दोघं जण होते आणि ते बसले होते टपालाच्या थैल्यांवर. भाडं माणशी ९० डॉलर. त्याच वर्षी अमेरिकेच्या टपाल कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या हजार मैलांच्या आतल्या वाहतुकीसाठी टपालाच्या दर पौंड वजनामागे, म्हणजे जेमतेम अर्ध्या किलोमागे, तीन डॉलरपर्यंत मोबदला देता येऊ लागला. सामानासकट एका प्रवाशाचं वजन २०० पौंड धरा. तेवढ्याच वजनाच्या पत्रांचे ६०० डॉलर होतात. शिवाय पत्राला खुर्ची लागत नाही, जेवण लागत नाही, त्याला हवेत मळमळत नाही, आणि विमान रद्द झालं तर ते हॉटेलची खोली मागत नाही. कुठला शहाणा व्यापारी माणसं भरेल?

टपालाचा दुसरा फायदा पैशाहून मोठा होता. टपाल खात्याशी करार झाला की वर्षभराची आवक ठरलेली. प्रवासी आज आहे, उद्या धुकं बघून घरी बसेल. बँकेला दाखवायला करारच उपयोगी पडायचा.

सरकारने हात काढला तर

२५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्सलो हीथवरून पॅरिसला रोजची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. त्या सकाळच्या विमानात प्रवासी एकच होता, एका वर्तमानपत्राचा बातमीदार. सोबत वर्तमानपत्रांचे गठ्ठे, थोडं चामडं, डेव्हनशरची साय आणि शिकार केलेले पक्षी. अडीच तासांत विमान पॅरिसला पोचलं. एकेरी भाडं २१ पौंड.

विमान युद्धातलं होतं, बाँब टाकण्यासाठी बांधलेल्या विमानाला मागे दोन माणसांपुरती झाकलेली खोली काढलेली. युद्ध संपल्यावर अशी विमानं कवडीमोलाने विकत मिळत होती आणि उडवणारे तरुण बेकार फिरत होते. त्यामुळे कंपन्या काढणं सोपं होतं. टिकवणं मात्र जमेना. विन्स्टन चर्चिल तेव्हा हवाई खात्याचे मंत्री होते. नागरी विमान वाहतुकीने आपल्या बळावर उडावं, सरकार तिला हवेत धरून ठेवू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पलीकडे फ्रान्सचं सरकार आपल्या कंपन्यांना सढळ हाताने पैसे देत होतं. फ्रेंच कंपन्यांनी भाडी पाडली आणि फेब्रुवारी १९२१ च्या अखेरीस ब्रिटिश कंपन्यांची विमानं जमिनीवरच थांबली. मार्चमध्ये सरकारला पैसे काढून द्यावेच लागले. पुढे १९२४ मध्ये चार कंपन्या एकत्र करून इंपीरियल एअरवेज उभी केली गेली, तीही दहा वर्षांत दहा लाख पौंड अनुदानाच्या आश्वासनावर.

सरकारं हे पैसे कुणाच्या हौसेसाठी देत नव्हती. लंडनहून कलकत्ता, ॲमस्टरडॅमहून बटाव्हिया (आजचं जाकार्ता), पॅरिसहून सायगॉन अशा वसाहतींकडे जाणाऱ्या वाटा त्यांना हव्या होत्या. फाईल, हुकूम आणि अधिकारी लवकर पोचले पाहिजेत. त्यामुळे अनुदानाचा पैसा गोऱ्या साहेबाच्या सोयीसाठी आणि साम्राज्याच्या दबदब्यासाठी खर्च होत होता, हे स्पष्ट म्हटलेलं बरं.

आकाश कुणाचं?

१९१९ च्या पॅरिस करारात एक तत्त्व मान्य झालं: प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश त्याच देशाच्या मालकीचं. समुद्रात जहाज किनाऱ्यापासून दूर राहून कुठेही जाऊ शकतं, विमानाला मात्र प्रत्येक देशाची परवानगी लागणार. नकाशावर सरळ रेघ ओढून उडता येत नव्हतं ते यामुळे.

इंपीरियलला याचा चांगलाच चटका बसला. सेवा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तोच इटलीशी बिनसलं आणि युरोपातली वाट बदलावी लागली. पुढे इराणने, तेव्हाच्या पर्शियाने, आपल्या किनाऱ्यावरून जायची मुभा १९३२ मध्ये संपवली. बुशेहर, लिंगेह, जास्क हे तिन्ही थांबे एकदम गेले. मग आखाताच्या अरबी बाजूने कुवेत, बहारीन आणि शारजा अशी नवी वाट आखली. शारजाच्या शेखाशी त्याच वर्षी करार झाला. विमानांसाठी धावपट्टी आणि प्रवाशांना रात्री मुक्कामाला किल्ल्यासारखं भक्कम विश्रामगृह, भोवती पहारा. आज आखातात नोकरीला गेलेला आपल्याकडचा माणूस ज्या शारजात उतरतो, तिथे विमानतळ आला तो इराणने नाही म्हटल्यामुळे.

रुतबाची गोष्टही अशीच. इराकच्या वाळवंटाच्या मधोमध पाण्याच्या विहिरींजवळ एक किल्ला. बाहेर शेकडो मैल काही नाही, आत जेवणाची टेबलं आणि प्रवाशांसाठी खोल्या.

वाट शोधायची कशी

वाळवंटात पायलटला दिशा कशी कळायची? १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कैरो–बगदाद मार्गासाठी मोटारींचे तांडे पाठवून वाट आखली. चाकोरी जिथे पुरेशी दिसत नव्हती तिथे चक्क नांगराने तास ओढला. वरून ती रेघ दिसायची. पायलट ती धरून उडायचा आणि काही अंतरावर विमान उतरवण्याच्या खुणा केलेल्या जागा असत.

युरोपात नांगराची गरज नव्हती, तिथे रस्ते आणि रूळ होते. पण सगळेच एका रस्त्यावरून उडायला लागले की काय होतं, ते ७ एप्रिल १९२२ ला दिसलं. उत्तर फ्रान्समध्ये दाट धुक्यात एक फ्रेंच आणि एक ब्रिटिश विमान समोरासमोर आपटलं. दोघांचे पायलट खाली दिसणारा एकच रस्ता धरून उलट दिशांनी येत होते. सात जण गेले. प्रवासी वाहतुकीच्या विमानांची हवेतली ही पहिली टक्कर. त्या ब्रिटिश विमानात पायलट आणि एक पोरसवदा नोकर एवढेच होते, बाकी टपाल. त्यानंतर नियम झाला की खालच्या खुणेच्या उजव्या बाजूनेच उडायचं.

मग बिनतारी यंत्र आलं. पायलट संदेश पाठवायचा आणि जमिनीवरची दोन-तीन केंद्रं तो कुठल्या दिशेने येतोय ते मोजायची. इंग्लंडमध्ये ही केंद्रं क्रॉयडन, लिम्प आणि पुलहॅमला होती. क्रॉयडनचा माणूस नकाशावर त्या दिशांच्या रेघा ओढायचा. रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे विमान. तेवढं पायलटला कळवायचं. आजच्या मानाने प्राथमिक वाटेल, पण ढगात अडकलेल्या माणसाला याचा केवढा आधार असेल.

कराचीच्या वाटेवर मात्र रात्री उडणं नाहीच. सूर्य मावळायच्या आत उतरायचं. लंडन ते कराची अंतर साधारण ८,००० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी १५० च्या आसपास. म्हणजे हवेतले तास पन्नासच्या घरात, आणि एकूण प्रवास सात दिवस. उरलेला वेळ मुक्काम, पेट्रोल, जेवण, विमान बदलणं यात जायचा. तरीही ब्रिटिश टपाल बोटीपेक्षा हे कितीतरी झटपट होतं. रेल्वेने मार्सेय गाठून तिथे बोट पकडली तरी मुंबईला यायला सुमारे दोन आठवडे लागत.

आत बसल्यावर

त्या काळच्या जाहिरातींतली चित्रं बघून भुलू नये. पांढरं टेबलक्लॉथ, वाइनचे पेले, हसरा कारभारी हे सगळं खरं होतं. इंपीरियलने १९२७ मध्ये लंडन–पॅरिस मार्गावर ‘सिल्व्हर विंग’ नावाची जेवणाची सेवा सुरूही केली होती. पण खुर्च्या बऱ्याचदा वेताच्या असत, कारण वेत हलका. प्रवाशाला चढण्यापूर्वी सामानासकट काट्यावर उभं राहावं लागे. इंजिनांचा आवाज असा की कानात कापसाचे बोळे घालायचे. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती, त्यामुळे विमान फार उंच जात नसे, आणि खालच्या हवेत, विशेषतः दुपारच्या वाळवंटावर, ते वरखाली आदळत राहायचं. पिशव्या हाताशी ठेवलेल्या असत आणि त्यांचा भरपूर उपयोग व्हायचा.

या थाटाचा कळस म्हणजे १९३१ मध्ये आलेलं हँडली पेज एचपी ४२. एकावर एक दोन जोड पंख, चार इंजिनं, ऐसपैस केबिन. वेग ताशी १६० किलोमीटर. समोरून जोराचा वारा आला तर खालची आगगाडी पुढे निघून जाईल अशी अवस्था. पण ते सुरक्षित होतं. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत या जातीच्या विमानांत एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. लंडन–पॅरिससाठीच्या विमानात ३८ खुर्च्या होत्या. कैरो–कराचीसाठी बांधलेल्या त्याच जातीच्या विमानात सुरुवातीला जेमतेम निम्म्या. कमी केलेल्या खुर्च्यांची जागा कुणाला दिली, ते आता सांगायला नको.

कराचीच्या पुढे

कराचीत येऊन पडलेलं टपाल मुंबई-मद्रासला रेल्वेने जायचं. विमानाने कमावलेल्या दिवसांतले काही तिथेच वाया. नेव्हिल व्हिन्सेंट या माजी हवाईदल अधिकाऱ्याला ही फट दिसली आणि तो टाटांकडे गेला. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला हिंदुस्थानातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं होतं, ते तयारच होते. दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये गुंतवायला मान्यता दिली. सरकारकडे मात्र वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. शेवटी अनुदान न मागता फक्त टपालाच्या मोबदल्यावर सेवा चालवायची तयारी दाखवली तेव्हा गाडी पुढे सरकली.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोडवरून एकट्यानेच निघाले. विमान एका इंजिनाचं पस मॉथ, आत टपालाच्या थैल्या. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बर्मा-शेलच्या डब्यांतून, बैलगाडीवर लादून. दुपारी दोनच्या सुमाराला ते जुहूला उतरले. तिथून थैल्या घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. जुहू म्हणजे समुद्राकाठची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात तिथे विमान उतरणं शक्यच नसे, तेव्हा सगळा कारभार पुण्याला येरवड्याला हलवायचा.

पहिल्या वर्षाचे आकडे बघा. १,६०,००० मैल उड्डाण, जवळपास दहा टन टपाल, १५५ प्रवासी, ६०,००० रुपये नफा. वर्षभरात १५५ प्रवासी म्हणजे आठवड्याला तीन. कराची ते मद्रास, जाऊन येऊन, आणि आठवड्याला तीन माणसं! नफा पत्रांनी मिळवून दिला. १९३५ मध्ये टाटांनी मुंबई–गोवा–कन्नूर–त्रिवेंद्रम अशी सेवा सुरू केली, त्यामागेही त्रावणकोर संस्थानचं पाठबळ होतं.

गणित बदललं ते अमेरिकेत

१९३० मध्ये अमेरिकेने टपालाचा मोबदला वजनावरून जागेवर आणला. विमानात टपालासाठी जेवढी जागा ठेवाल तेवढे पैसे, ती भरो वा न भरो. आधीच्या पद्धतीत काही बहाद्दर स्वतःच स्वतःला जड टपाल पाठवून पैसे उकळत, ते यामुळे बंद झालं. पण मुख्य परिणाम वेगळाच होता. आता मोठं विमान घेणं फायद्याचं झालं, आणि मोठ्या विमानात खुर्च्या टाकता येत होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात एलन चर्च ही परिचारिका पहिली हवाई सेविका म्हणून कामाला लागली. विमानात नर्स आहे म्हटल्यावर घाबरलेल्या लोकांना जरा धीर येईल, हा त्यामागचा हिशेब.

पाठोपाठ विमानंही बदलली. १९३१ च्या मार्चमध्ये फोकरचं लाकडी पंखाचं विमान कॅन्ससमध्ये पडलं. त्यात नूट रॉकनी हा अमेरिकन फुटबॉलचा नामांकित प्रशिक्षक गेला आणि लाकडी पंखांवरचा विश्वासच उडाला. १९३३ मध्ये बोईंग २४७ आलं, संपूर्ण धातूचं, एकच पंख, उडाल्यावर आत ओढली जाणारी चाकं. पहिली साठ विमानं युनायटेड या विमान कंपनीच्या वाट्याची ठरल्याने तिची प्रतिस्पर्धी टीडब्ल्यूए कंपनी डग्लस या विमानं बांधणाऱ्या कारखान्याकडे गेली आणि त्यातून डीसी-२ जन्मलं. अमेरिकन एअरलाइन्सला रात्रीच्या प्रवासासाठी विमानात बर्थ हवे होते. बर्थ बसावेत म्हणून डग्लसने तेच विमान रुंद केलं. रुंद केल्यावर कळलं की बर्थ काढले तर २१ खुर्च्या बसतात, आधीच्या विमानात १४ होत्या, आणि खर्च त्या मानाने फारसा वाढत नाही. हे डीसी-३. १७ डिसेंबर १९३५ ला ते पहिल्यांदा उडालं. टपाल नसतानाही निव्वळ प्रवाशांवर पैसे मिळवून देणारं पहिलं विमान म्हणून त्याचं नाव घेतात. झोपायच्या सोयीतून बसणाऱ्यांचा धंदा उभा राहिला, हा योगायोगच म्हणायचा.

युरोपला याची चुणूक वर्षभर आधीच दिसली होती. ऑक्टोबर १९३४ मध्ये लंडन ते मेलबर्न अशी विमानांची शर्यत झाली. पहिला नंबर खास शर्यतीसाठी बांधलेल्या ब्रिटिश विमानाचा. दुसरा आला तो केएलएम या डच कंपनीचा ‘आइव्हर’, साधं डीसी-२, आत तीन प्रवासी आणि टपाल! अलाहाबादमार्गे आलेलं हे विमान ऑस्ट्रेलियात आल्बरी गावाजवळ वादळात भरकटलं. गावकऱ्यांनी अख्ख्या गावाचे दिवे उघडझाप करून गावाचं नाव मोर्सच्या सांकेतिक लिपीत दाखवलं, मोटारी रेसकोर्सवर नेऊन उजेड पाडला आणि सकाळी दोर लावून विमान चिखलातून ओढून काढलं. एवढं होऊनही दुसरा नंबर. लंडनमध्ये खुर्च्यांवरचं कापड आणि जेवणातले पदार्थ यांचं कौतुक चालू असताना हा निकाल फार झोंबला असणार. दुर्दैवाने डिसेंबरमध्ये हेच ‘आइव्हर’ रुतबाजवळच्या वाळवंटात कोसळलं. आतले सातही जण दगावले.

ब्रिटनने तरीही टपालाचीच कास धरली. १९३७ पासून साम्राज्यातलं सगळं साधं पत्रटपाल जादा आकार न घेता विमानाने न्यायची योजना सुरू झाली. अर्ध्या औंसाला दीड पेनी. त्यासाठी २८ मोठी जलविमानं मागवली होती, ड्रॉइंगच्या कागदावरूनच, नमुना न बघता. आत सिगारेट ओढायची वेगळी खोली, पाय मोकळे करायला खिडक्यांची मार्गिका. हिंदुस्थानात ती कराचीनंतर राजसमंद तलाव, ग्वाल्हेर, अलाहाबाद आणि कलकत्त्याला हुगळीत उतरत. पण टपाल इतकं स्वस्त केल्यावर ते वाढणारच. १९३८ च्या नाताळात पत्रांचे आणि भेटकार्डांचे एवढे ढीग साचले की प्रवाशांच्या जागा कमी करून थैल्या भराव्या लागल्या. उरलेलं टपाल ऑस्ट्रेलियाकडे न्यायला तीन नवी कोरी एन्साइन विमानं निघाली. वाटेत तिन्ही बिघडली, एकही ऑस्ट्रेलियाला पोचलं नाही.